सोमलीबाईने न पाहिलेला पक्षी

दिलीपचा फोन आला तेव्हा मी बादलीतल्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसले होते. दुपारचे तीन वाजले असतील. वैशाखातलं यवतमाळ, पंखा गरम हवाच इकडून तिकडे फिरवत होता, आणि मी गुडघ्यांच्या नावानं खडे फोडत होते. हल्ली फोन वाजला की मला आधी कंटाळा येतो आणि मग काळजी वाटते. या वयात फोनवर बातम्या दोनच येतात, कोणाचं लग्न ठरलं नाहीतर कोणी गेलं, आणि दोन्हीकडे जायचं तर एसटीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. "बाई, याडी गेली," दिलीप म्हणाला. याडी म्हणजे आई. दिलीप सोमलीबाईचा एकुलता एक मुलगा, त्यामुळे कोण गेलं हे विचारायची गरज नव्हती. "कधी?" एवढंच मी विचारलं. "सकाळी. इथंच, यवतमाळले. ताप मेंदूत गेलता. चार दिवस झाले भरती होती." चार दिवस... माझ्या घरापासून ऑटोनं दहा मिनिटांवर ती चार दिवस पडून होती, आणि मी त्या चार दिवसांत काय केलं हे आठवायला गेले तर लिंबाचं लोणचं घातलं एवढंच आठवलं. "अरे, मला कळवलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच. "याडीनंच नाई म्हनलं. बाईचे गुडघे दुखतेत, त्याईले कायले हलवता, म्हने." फोन ठेवल्यावर मी पाय तसेच पाण्यात ठेवून बसून राहिले.

सोमलीबाई माझी कोण, हे गेल्या दीड महिन्यात मला बऱ्याच जणांनी विचारलं. नात्यातली नाही, शेजारीण नाही, आणि आमच्याकडच्या काही जणींना वाटलं तशी कामाला येणारी तर मुळीच नाही. केळापूरच्या पुढे जंगलाला लागून एक तांडा आहे, तिथली ती बंजारा बाई. तीन एकर शेत, नवरा लवकर गेलेला, दिलीपला तिनं एकटीनं वाढवलेलं. मी यवतमाळच्या नोकरदार घरातली. आमच्याकडे आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, नवराही कचेरीत, आणि मी शाळेत विज्ञान शिकवणारी. आमच्या घरात झाडाला झाड आणि पाखराला पाखरू म्हणून भागत असे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझी बदली पांढरकवड्याजवळच्या शाळेत झाली. नवरा यवतमाळला, मुलगी पुण्याला, आणि मी पांढरकवड्याला एका खोलीत. रविवार खायला उठायचा. मग एक जुनी दुर्बीण मिळवली, एक पुस्तक घेतलं आणि पक्षी बघायला लागले. छंद म्हणा किंवा वेळ घालवणं म्हणा.

त्या पुस्तकातल्या एका चित्रानं मला वेड लावलं होतं. हरेवा, कोणी त्याला पर्णपक्षीही म्हणतं. चिमणीहून जरासा मोठा, अंगभर पोपटी हिरवा, कपाळावर केशरी-सोनेरी टिळा, गळा काळा आणि त्या काळ्यात जांभळी निळाई. एवढे रंग अंगावर घेऊन हा प्राणी राहतो कुठं, तर झाडाच्या शेंड्यावर, दाट पानांत. म्हणजे दिसायलाच नको! मी तीन रविवार मान वर करून फिरले. मानेला पट्टा लावायची वेळ आली, पण हरेवा काही दिसला नाही. चौथ्या रविवारी एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून आंब्याच्या झाडाकडे दुर्बीण लावली होती, तर ज्वारीतल्या राखणीच्या माळ्यावरून आवाज आला, "ओ बाई, कोनाले पाहून राह्यल्या? त्या झाडात कोनी नाई बसलं."

माळ्यावर एक काटक बाई गोफण घेऊन बसली होती. मी तिला पुस्तकातलं चित्र दाखवलं. तिनं ते डोळ्यांपासून लांब धरलं आणि खळखळून हसली. "हा? हा तं नकल्या होय. ह्याले पाहाले इतक्या दूर आल्या?" मग तिनं मला खाली धुऱ्यावर बसवलं आणि आंब्यावरचं एक बांडगूळ बोटानं दाखवलं. हवा थांबली तरी ज्या जागचं पान हलतं तिथं बघायचं, असं तिनं सांगितलं. मी बघत राहिले. पान हललं आणि पानातून पान बाहेर आलं, त्याला चोच होती आणि काळा गळा होता. मी आनंदानं तिचा हात घट्ट धरला, तेव्हा ती म्हणाली, "हळू बाई, बांगड्या फुटन माह्या." आमची ओळख झाली ती अशी.

ती त्याला नकल्या का म्हणायची, तर हा इवलासा जीव साऱ्या जंगलाच्या नकला करतो. बुलबुलाची करतो, काळ्या कोतवालाची करतो, शिंपी पक्ष्याची करतो, आणि शिक्रा या शिकारी पक्ष्याची तर अशी करतो की खालचे पोपट ज्वारीची कणसं टाकून पळ काढतात. सोमलीबाईला त्याच्या रंगांचं काडीचं कौतुक नव्हतं. पक्षी म्हणजे चोर, हा तिचा साधा हिशेब. नकल्यावर मात्र तिची मर्जी होती. "माह्या गोफनीपक्षा थोच बरा. मी हात दुखेपर्यंत गोटे मारतो, अन् हा बसल्या जागी शिकऱ्याचा आवाज काढते," असं ती म्हणायची. जन्मभर राखण करून करून तिचे कान इतके तयार झाले होते की ती वर बघतही नसे. माळ्यावर बसून कापूस वेचताना पोटाशी बांधायच्या ओटीला टाके घालता घालता सांगायची, हा टकाचोर, हा सुतार, हा नकल्या, टकाचोर बनून राह्यला. मी दुर्बीण फिरवून खात्री करायची आणि दरवेळी तिचंच खरं निघायचं. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू. बी.एस्सी. मी होते.

मी एक वही ठेवली होती. तारीख, जागा, पक्ष्याचं नाव. एके दिवशी तिनं विचारलं, "काय लिवता?" मी सांगितलं की आज कोणकोण दिसलं ते लिहिते. "अन् जो नुसता ऐकला थो?" मी म्हटलं, तोही लिहिते, त्यात काय. सोमलीबाई ओटी बाजूला ठेवून माझ्याकडे वळून बसली. "असं नोका करू बाई. ऐकला तं ऐकला म्हना, पाह्यला तं पाह्यला म्हना. जंगलात नकल्या राह्यते." त्या दिवसापासून माझ्या वहीत दोन रकाने झाले, पाहिला आणि ऐकला. मी हे मोठ्या कौतुकानं पुढे बऱ्याच जणांना सांगितलं आहे, शाळेत मुलींना सांगितलं आहे. सांगायला माझं काय जातं...

दहा-अकरा वर्षं आमचे रविवार असे गेले. मी डब्यात पोळी-भाजी न्यायची, ती भाकरी आणि लसणाची चटणी आणायची, आणि दोघीही एकमेकींच्या डब्याला नावं ठेवून तोच खायचो. तिला माझा कोरडा खोकला आवडत नसे, मला तिची तंबाखू. ती मला अहो-जाहो करायची आणि तरी रागवायची. मी तिला नावापुढे बाई लावायची आणि तरी तिच्याशी भांडायची. आमचे हे रविवारी यवतमाळहून आले तर एखाद्या वेळी चिडून म्हणायचे, "जा, तुझी हेडमास्तरीण वाट बघत असेल." खरंच होतं ते. शाळेत मला हेडमास्तरीण कोणी केलं नाही, पण माझ्या वरची एक मला शेतात भेटली होती.

आता ते सांगायला हवं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. तीनदा बसले आणि तीनदा उठले. माझ्या निवृत्तीचं वर्ष होतं ते. कार्तिक महिना, ज्वारी भरात आलेली. सकाळी आम्ही दोघी माळ्यावर होतो आणि आंब्यातून एक आवाज आला. घंटेवर हलकेच टोला द्यावा तसा, धातूचा, दोनदा. मी ताडकन उभी राहिले. भृंगराज! काळा, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे झुबके असणारा भृंगराज. आमच्या त्या पट्ट्यात तो असल्याचं माझ्या माहितीत कोणीच नोंदवलेलं नव्हतं. तेवढ्यात आंब्यातून काहीतरी काळं उडून नाल्याकडे गेलं. "शेपटी! शेपटी बघितली ना?" मी ओरडले. सोमलीबाई जागची हलली नाही. "कोतवाल होता थो बाई. अन् आवाज नकल्याचा." मी म्हटलं, मी शेपटी पाहिली. ती म्हणाली, "तुमाले पाह्याची होती म्हनून दिसली." मी हट्टाला पेटले. नक्कल करायची तर अस्सल आवाज आधी ऐकावा लागतो की नाही? मग भृंगराज इथं असलाच पाहिजे! त्यावर ती जरा विचार करून म्हणाली, "ऐकला असन त्यानं कवातरी. नाईतं त्याच्या बापानं ऐकला असन. तुमी ऐकला काय?" आणि आम्ही बोलत असतानाच आंब्यात तोच घंटेचा आवाज पुन्हा आला, त्याला लागून बुलबुल, त्याला लागून शिक्रा, सगळं एकाच जागेवरून. पान हललं. काळ्या गळ्याचा हिरवा पक्षी बांडगुळाच्या फळावर आला आणि दुर्बिणीशिवाय मला दिसला. सोमलीबाईनं ओटी उचलून पुढचा टाका घातला. जिंकल्यावर बोलायची तिची पद्धत नव्हती.

आणि मी संध्याकाळी खोलीवर येऊन वहीत भृंगराज लिहिला. पाहिला या रकान्यात. का लिहिला? तीस वर्षं शिकवून निरोप समारंभात एक शाल आणि एक नारळ मिळणार होता, हे दिसत होतं. मी केलेलं, माझ्या नावावरचं असं काहीच नव्हतं. मी थकले होते, आणि कोणीतरी एकदा माझं नाव घ्यावं असं वाटत होतं. एवढंच. त्या शेपटीबद्दल मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की महिन्याभरात ती मला स्वच्छ दिसायला लागली. मग एका पुरवणीत लेख लिहिला, सोमलीबाईच्या शेतात भृंगराज कसा भेटला त्याचा. तिचं नाव घातलं, तिनंही तो पाहिल्याची साक्ष घातली. लेख छापून आला, सत्कार झाला, हौशी पक्षीनिरीक्षकांच्या जिल्ह्याच्या यादीत भृंगराज माझ्या नावानं चढला. लेखाचा अंक मी स्वतः तांड्यावर नेऊन दिला आणि तिला तिचं नाव कुठं आहे ते बोट ठेवून दाखवलं. बाकी काय लिहिलंय ते तिनं विचारलं आणि मी सांगितलं. ती बराच वेळ कागदाकडे बघत होती. "छान आलं नाव," एवढंच म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते पुढच्या पंधरवड्यात झालं. नागपूरकडची तिघं तरुण मंडळी मोठाले कॅमेरे घेऊन आली. चांगली मुलं होती, अभ्यासू होती. दोन दिवस आंब्याखाली बसली आणि त्यांना नकल्याशिवाय काही मिळालं नाही. जाताना त्यांच्यातली मुलगी माळ्याखाली येऊन नम्रपणे म्हणाली, "आजी, तुम्ही स्वतः पाहिला होता का तो?" मी तिथंच उभी होते. मला वाटलं, जमीन फाटावी. सोमलीबाईनं गोफण मांडीवर ठेवली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाव. पाह्यला न. दोन तारा लोंबत होत्या मांगं." मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. गाडी गेली, धुरळा बसला. मी काहीतरी बोलायला गेले तर सोमलीबाई माळ्यावरून उतरली आणि चालायला लागली. तांडा आल्यावर वळून म्हणाली, "बाई, आता मले पाखराचं काही इचारू नोका."

मला वाटलं, राग आहे, चार दिवसांनी उतरेल. पण तो राग नव्हताच. त्यानंतरही रविवार झाले, भाकरी झाली, भांडणं झाली. पण वर झाडात काही बोललं आणि मी विचारलं की हा कोण, तर ती टाके घालता घालता म्हणायची, "मले काय समजते बाई, तुमी शिकेल हा, तुमीच सांगा." टोमणा नव्हता त्यात, हेच वाईट होतं. आपल्या शब्दाला आता किंमत राहिली नाही असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि ती किंमत तिनं माझी लाज झाकायला खर्च केली होती. मी निवृत्त होऊन यवतमाळला आले, गुडघे गेले, रविवार तुटले. खरं सांगायचं तर मला थोडं सुटल्यासारखं वाटलं.

गेल्या हिवाळ्यात ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी यवतमाळला आली तेव्हा आमच्याकडे आठ दिवस राहिली. डोळ्याला हिरवी पट्टी बांधून मागच्या अंगणात खाटेवर बसायची आणि आमच्या ह्यांना तांड्याच्या गोष्टी सांगायची. निघायच्या दिवशी सकाळी मी तिच्या डोळ्यात थेंब घालत होते. मान मागे टाकून, डोळा मिटून ती म्हणाली, "बाई, थे खोडलं काय तुमी?" मला विचारावं लागलं नाही, काय ते. "खोडते," मी म्हटलं. "खोडून टाका. मी मेल्यावर तुमाले कोनी इचारनार नाई, मंग थे तसंच राहीन." मी हो म्हटलं. त्यानंतर मी यादीवाल्यांना पत्र लिहायला घेतलं, फाडलं, पुन्हा घेतलं. कधी बीपी वाढला होता, कधी पाहुणे होते, कधी वाटलं की झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडा. माणूस न करायची कारणं किती चिकाटीनं गोळा करतो! आणि मग वैशाखात दिलीपचा फोन आला.

तेरवीला गाडी करून गेले. तांड्यावर दिलीपनं दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलंय, भिंतींना गुलाबी रंग आहे. माणसं जेवून पांगली होती. खुर्चीवर सोमलीबाईचा फोटो ठेवला होता, आधार कार्डावरचाच मोठा करून घेतलेला, म्हणून तिच्या चेहऱ्यावर कधी नसायचा तसला घाबरा भाव. आणि फोटोच्या वर, देवांच्या रांगेत, खिळ्याला माझा लेख. लॅमिनेशन केलेला. "याडीले वाचता येत नोतं," दिलीप मागून म्हणाला, "पन आपलं नाव कुठं हाये थे तिले माहीत होतं. कोनी आलं का बोट ठेवून दाखवे." मी जवळ जाऊन पाहिलं. त्या एका शब्दावरचं प्लास्टिक बोटानं धुरकट झालं होतं. मी तिथंच पाटावर बसले आणि दिलीपला सगळं सांगितलं, आंबा, शेपटी, वही, ती नागपूरची मुलगी, सगळं. रडलेही. वयाचा मान म्हणून त्यानं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "मले माहीत हाये बाई. याडीनं सांगतलं होतं." "मग तू हे इथं लावून का ठेवलंस? काढलं का नाहीस?" त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "काहून काढन? तिचं नाव हाये न त्यात. पेपरात तिचं नाव अजून कुठं आलं, बाई?"

घरी आल्यावर यादीवाल्यांना पत्र लिहिलं आणि या खेपेला पोस्टात टाकलं. पण लेखात जे खोटं छापलं ते लेखातच खोडायला हवं, म्हणून हे. भृंगराज मी पाहिला नाही. ऐकलासुद्धा नाही, एका हिरव्या पक्ष्यानं केलेली त्याची नक्कल ऐकली. सोमलीबाईनंही तो पाहिला नव्हता, आणि तिनं मला त्याच क्षणी तसं सांगितलं होतं. जंगलातल्या पाखराबद्दल ती आयुष्यात एकदाच खोटं बोलली, ते माझ्यासाठी, आणि त्यानंतर ती बोललीच नाही. हे मी ती जिवंत असताना लिहू शकले असते. लिहिलं नाही. याची मला लाज वाटते, आणि खूप थकल्यासारखंही वाटतं.

दिलीप, हा अंक मी तुला पाठवते आहे. भिंतीवरचा तो कागद काढून टाक बाबा, आणि त्याच खिळ्याला हा लाव. यातही तिचं नाव आहे. बोट ठेवून शोधायची गरज नाही, सगळ्यात वर आहे, मोठ्या अक्षरांत.